काचेपाशी ठेवलेलं टोकन

पनवेलच्या मोहल्ल्यात नूरुन्निसा मुकादमच्या घरी गेलात, तर पुढच्या खोलीच्या कोपऱ्यात एक उंच, बोजड वस्तू दिसेल. तिच्यावर कशिद्याची चादर, चादरीवर लग्नाच्या पत्रिका, औषधांचा डबा आणि नवऱ्याची टोपी. नवा माणूस तिला कपाट समजतो. थोरल्या मुलीचं, अलिनाचं, लग्न ठरत होतं तेव्हा होणारे व्याही तिला टेकून चहा पीत उभे राहिले आणि कोपराखाली काहीतरी टक्कन दबलं म्हणून एवढे दचकले की बशीतला चहा सदऱ्यावर सांडला. नूरुन्निसानं फडकं आणून दिलं, खुलासा काही केला नाही. चादरीखाली व्हिडिओ गेमचं मशीन आहे आणि ते आपण स्वतः खेळतो, हे व्याह्यांना सांगायची ती वेळ नव्हती.

तशी वेळ पुढे वीस-पंचवीस वर्षं आलीच नाही म्हणा.

गोष्ट सुरू झाली ती पिठाच्या गिरणीपासून. ताहेर, तिचा नवरा, कुवेतला क्रेन चालवायचा. पहिल्या सुट्टीत आला तेव्हा पैसे हातात ठेवून म्हणाला, पुढच्या खोलीत गिरणी टाक, बाईमाणसाला शोभेल असं काम आहे. तो विमानात बसला आणि नूरुन्निसा भावाला घेऊन मुंबईला गिरणी बघायला गेली. गिरणीवाल्याच्या शेजारी एक अंधारं दुकान होतं. आत पोरं मशीनला चिकटलेली. एकाची आई दारात उभी राहून हाका मारतेय, तोंडाला येईल ते बोलतेय, पण पोरगा मान वळवेल तर शपथ. नूरुन्निसा बराच वेळ ते बघत राहिली. गिरणीवर बायका डबा ठेवतात आणि निघून जातात, इथलं गिऱ्हाईक हलतच नाही, हे तिच्या डोक्यात चपखल बसलं. संध्याकाळी टेम्पोतून गिरणीऐवजी दोन जुनी मशीनं मोहल्ल्यात उतरली. कुवेतहून फोनवर ताहेर जे काही ओरडला ते शेजारच्या घरात ऐकू गेलं, असं शेजारीण आजही शपथेवर सांगते.

आता नवरा परदेशात, घरात सयानी मुलगी आणि पुढच्या खोलीत गावभरची पोरं, म्हणजे लोकांच्या जिभेला आयतंच काम. नूरुन्निसानं ते ओळखून पहिल्या दिवशीच कायदे केले. सिगरेट नाही. शाळेच्या गणवेशात आत यायचं नाही. अजान झाली की आवाज बंद. शिवी तोंडातून निघाली की त्या पोराला आठवडाभर दुकान बंद, शिवी केवढीही बारीक असो. काउंटरमागे ती स्टुलावर बसायची, डोक्यावर ओढणी, हातात लसूण सोलायला, आणि नजर अशी की पोलीस परवडला. पोरं तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायची. जोशी, पाटील, मुकादम, ठाकूर, सगळ्यांची ती खालाच.

दोनातलं एक मशीन लवकर मेलं. दुसऱ्यात तो गेम होता, मारामारीचा, दोघांनी समोरासमोर खेळायचा, प्रत्येकाची तीन माणसांची टीम. एक पडला की दुसरा येतो, दुसरा पडला की तिसरा, तिसरा पडला की खेळ खलास. गेमचं खरं नाव इंग्रजीत झळकायचं, पण ते वाचायच्या भानगडीत कोण पडतंय? पनवेलला तो ‘टीमवाला’. आतल्या लढवय्यांचीही पोरांनी नवी बारशी केली. हातातून जाळ काढणारा तो आगवाला, लांब केसांची ती वेणीवाली, कंबरेत वाकलेला पण उडी मारली की छातीवर बसणारा तो म्हातारा. जपानात कुणीतरी जीव ओतून ठेवलेली नावं पनवेलच्या खाडीत बुडाली.

खेळायला पितळी टोकन लागायचं. आणि ज्याला पुढची पाळी हवी, त्यानं आपलं टोकन पडद्याच्या काचेपाशी, खालच्या पट्टीवर ठेवायचं. तो नंबर. एकदा टोकन ठेवलं की ते कुणाचं, किती मोठ्याच्या पोराचं, हे बघायचं नाही, पाळी आली की जागा द्यायची. हा रिवाज सगळीकडचाच. पण एक रिवाज फक्त खालाच्या दुकानातला होता. समोरचा कच्चा असेल, तर पक्क्यानं आपल्या तिघांतला एक माणूस त्याला द्यायचा. म्हणजे मुद्दाम हरायचं, एकदाच, पहिल्या माणसावर. नाहीतर कच्च्या पोराचं टोकन चुटकीसरशी संपायचं, ते रडवेलं व्हायचं आणि पुन्हा यायचं नाही. धंद्याची अक्कल आणि मायेची कळकळ यांतलं त्यात नेमकं काय किती होतं, हे नूरुन्निसालाही सांगता येणार नाही. पोरं मात्र तो कायदा पाळायची. ‘दिला का माणूस?’ अशी काउंटरवरून हाक आली की आगवाला निमूट मार खायचा.

दुपारी जोहरची नमाज झाली की शटर खाली यायचं ते उन्हं कलताना असरची अजान होईपर्यंत. मोहल्ला झोपलेला. पहिल्यांदा तिनं मशीन लावलं ते बटणं बरोबर चालतात का बघायला. दुसऱ्यांदाही बटणंच बघायला. तिसऱ्यांदा तिनं स्वतःशी खोटं बोलायचं सोडून दिलं. आवाज बारीक करून, चपला काढून, ओढणी खांद्यावर टाकून ती डावीकडच्या स्टिकवर उभी राहायची आणि मशीनच्या टीमला एकेक करून लोळवायची. दिवसभर पोरांच्या पाठीमागून बघितलेलं सगळं हातात उतरलं होतं. तिची टीम ठरलेली: आगवाला, वेणीवाली, शेवटी म्हातारा. म्हाताऱ्यावर तिचा भारी जीव. मशीनला शेवटपर्यंत हरवलं की पडद्यावर पहिला नंबर यायचा. मग ती मेन स्विच बंद करायची आणि तो नंबर पुसला जायचा. संध्याकाळी पोरं येऊन नव्यानं शर्यती लावायची. पनवेलचा पहिला नंबर दुपारी कुणाचा होता हे एकाही शहाण्याला कधी कळलं नाही.

पण मशीनला हरवण्यात मजा किती दिवस राहणार? मशीन चिडत नाही. मशीन हरल्यावर ‘अजून एकदा’ म्हणत नाही. नूरुन्निसाला जित्याजागत्या माणसाशी खेळायचं होतं, एकदा तरी. आणि तेच तर शक्य नव्हतं. कारण दोन स्टिका शेजारी-शेजारी, हातभर जागेत. दोघं उभे राहिले की खांद्याला खांदा लागणार. रस्त्यावरच्या दुकानात, उघड्या शटरमध्ये, कुवेतवाल्याची बायको परक्या पोराच्या खांद्याला खांदा लावून उभी? दुसऱ्या दिवशी दुकानाला आणि तिसऱ्या दिवशी अलिनाच्या लग्नाला टाळं लागलं असतं. मला विचाराल तर लोक फार मूर्ख असतात. पण पोरगी उजवायची असली की मूर्खांनाही धरून राहावं लागतं. तिनं हौस गिळली आणि लसूण सोलत बसली.

पुढे सायबर कॅफे आले, मग प्रत्येकाच्या खिशात फोन आला. पोरं पांगली. नूरुन्निसानं शटर कायमचं ओढून तिथं खिडकी करून घेतली, मशीनवर चादर टाकली. भंगारवाल्यानं तीनदा विचारलं, तिनं तीनदा हाकललं. ‘आठवड्यातून एकदा चालू करायला लागतं, नाहीतर दमट हवेनं आतलं बोर्ड सडतं,’ असं ती घरात सांगायची. सडलं तर सडलं, असं कुणी म्हणायच्या आत ती विषय बदलायची. अलीकडे उजव्या अंगठ्याच्या मुळाशी कळ यायला लागली होती. डॉक्टर म्हणाले, वय झालं, कणीक मळणं कमी करा. नूरुन्निसा हो म्हणाली. कणकेमुळे ते दुखत नव्हतं हे तिला पुरतं माहीत होतं. आपल्या हातात आता थोडेच दिवस आहेत आणि आपण जन्मात एकाही माणसाशी खेळलो नाही, एवढंच तिच्या मनात येत राहिलं.

असं असताना एका शनिवारी अवधूत दारात उभा राहिला. पोट सुटलेलं, केस विरळ, पण हसला आणि तिनं ओळखला. क्लास बुडवून येणारा, दुकानातला सगळ्यांत पक्का गडी. आता विचुंब्याला टॉवरमध्ये राहतो, ऐरोलीला कंपनीत आहे.

‘‘खाला, मशीन आहे अजून?’’ पाणी पिण्याआधीच त्यानं विचारलं.

नूरुन्निसानं टोपी, डबा, पत्रिका उचलल्या आणि चादर ओढली. अवधूत पुढे झाला. मग त्यानं हळूच स्टिकवर हात ठेवला, डोळे मिटले आणि बोटं आपसूक फिरली.

‘‘आम्ही खेळतो अजून,’’ तो म्हणाला. ‘‘ऑनलाइन. कोल्हापूरचे, नागपूरचे, कलकत्त्याचे लोक असतात. माझ्या ऑफिसातली नवी मुलं हसतात, सर, ह्याच्यापेक्षा लाख पटीनं भारी गेम आलेत. आले असतील. मी घेतलेसुद्धा विकत. दोन दिवस खेळून ठेवून दिले.’’

‘‘मग ह्याच्यातच काय आहे रे एवढं?’’

‘‘सोपा वाटतो आणि संपत नाही. आणि खाला, हा गेम मी कधी एकट्यानं शिकलोच नाही. प्रत्येक डाव कुणाकडून तरी मार खाऊन शिकलो. तो खेळताना ती सगळी पोरं बाजूला असतात.’’

उद्या त्याच्या सोसायटीच्या हॉलमध्ये जुन्या पोरांना जमवायचं ठरलं होतं. खरं मशीन मिळालं तर बहार येईल, संध्याकाळी परत आणून देतो, ओरखडा उठू देणार नाही. नूरुन्निसा म्हणाली, घेऊन जा की, माशाल्ला, चांगलंच आहे. अवधूत खूश होऊन गेला. ती मात्र उघड्या मशीनकडे पाठ करून भांडी लावत बसली, नेहमीपेक्षा जास्त आवाज करत.

ताहेर आता कायमचा घरी. गुडघे गेलेले, साखर वाढलेली, खुर्ची सोडत नाही. तो खुर्चीतूनच म्हणाला, ‘‘मशीन एकटंच जाणार?’’

‘‘मग काय मशीनला सोबत पाहिजे?’’

‘‘तू नाय जाणार खेळायला?’’

नूरुन्निसाच्या हातातली ताटली तशीच राहिली.

‘‘जुम्म्याला मला सुट्टी असायची,’’ ताहेर म्हणाला. ‘‘दुपारचा फोन लावायचो. तू बोलायचीस आणि मागं तो ढिशुम ढिशुम. पहिल्यांदा वाटलं, पोरं असतील. मग ध्यानात आलं, त्या वक्ताला तर तुझं शटर बंद असतं. आणि तू फोन घेतलास की एक बाजू मार खायची.’’

‘‘या अल्ला! मग बोलला का नाही कधी?’’

‘‘काय बोलू? गिरणी टाक म्हणालो होतो तेव्हा कुठं ऐकलंस?’’ तो हसला. मग हसू आवरून म्हणाला, ‘‘तिकडं क्रेनमध्ये एकटा बसायचो ना, तेव्हा आठवायचो. आपली बाय खेळतेय, बरी हाय. जा उद्या. मीपण येतो.’’

इतकी वर्षं नवऱ्यापासून लपवलेली गोष्ट त्याला ठाऊक होती आणि ती आठवून तो परमुलखात सुखावत होता, हे ऐकून नूरुन्निसाला रडू आलं. तिनं ते नळ सोडून निभावलं.

रविवारी सकाळी मिथुन टेम्पो घेऊन आला. हाही जुन्या पोरांतलाच, आपटा गावचा, एसटीनं शाळेला यायचा आणि शाळा सोडून बाकी सगळीकडे दिसायचा. मशीनला गोधड्या गुंडाळताना त्याची बडबड चालू होती. ‘‘खाला, तुमी मला ‘साला’ बोल्लो म्हणून आठवडाभर भायेर ठेवलेला, आठवतंय? नुसत्या ‘साला’वर! आमच्या गावात तर ती शिवीच नाय.’’

विचुंब्याच्या हॉलमध्ये पंधरा-वीस जण जमले होते. सगळे चाळिशीचे, कुणाला चष्मा, कुणाला बायको घेऊन आलेली. मशीन लागलं, गाणं वाजलं आणि क्षणात सगळ्यांचा आवाज फुटायच्या वयातला झाला. नूरुन्निसाला पुढची खुर्ची मिळाली, शाल आणि नारळ मिळाला. अवधूतनं छोटं भाषण केलं, ‘खाला नसत्या तर’ वगैरे. ती हसून मान डोलवत राहिली. पर्समध्ये पितळी टोकन मुठीत धरून ठेवलं होतं, ते घामानं ओलं झालं होतं. खेळ सुरू झाला. काचेपाशी टोकनांची रांग लागली. ती उठली, मशीनजवळ गेली आणि रांगेच्या शेवटी आपलं टोकन ठेवून परत येऊन बसली. सगळ्यांना वाटलं, खालानं आठवण म्हणून ठेवलं. एकानं त्याचा फोटोही काढला.

रांग पुढे सरकत गेली. अवधूत जिंकत होता, तो हटायलाच तयार नव्हता. शेवटी एकच टोकन उरलं.

‘‘हे कोणाचं?’’ मिथुननं विचारलं.

 ताहेरनं शेजारून तिची पर्स आपल्या मांडीवर ओढून घेतली, मोकळ्या हातांनी जायला.

‘‘माझं,’’ नूरुन्निसा म्हणाली.

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. मग टाळ्या पडल्या, तशा म्हाताऱ्या माणसानं नाच केला की पडतात. ती चपला काढून डावीकडच्या स्टिकवर उभी राहिली. अवधूतच्या खांद्याला तिचा खांदा लागला. काही झालं नाही. छप्पर जागच्या जागी होतं.

आगवाला, वेणीवाली, म्हातारा. अवधूतनं भुवया उंचावल्या. खेळ सुरू झाला आणि त्याचा पहिला माणूस नुसता इकडे-तिकडे उड्या मारत राहिला. नूरुन्निसानं त्याला चार तडाख्यांत झोपवला. लोक ओरडले, ‘वा खाला!’ तिनं मात्र स्टिकवरून हात काढून घेतले.

‘‘अवधूत, मला माणूस दिलास?’’

तो ओशाळला. ‘‘तुमचाच कायदा, खाला.’’

‘‘तो कच्च्या पोरांना.’’  आपलाच कायदा असा अंगावर येईल असं तिला कधी वाटलं नव्हतं. ‘‘मी ह्या मशीनवर तुझ्याइतकीच वर्षं काढली. शटर लावून. एकटीनं. मला आजवर कोणी खेळवलं नाही रे. आता तरी नीट खेळ. नवीन टोकन टाक.’’

अवधूतनं तिच्याकडे बघितलं. मग खिशातून टोकन काढलं, टाकलं आणि शर्टच्या बाह्या वर केल्या.

त्यानंतर जे झालं ते काही सिनेमातल्यासारखं झालं नाही. तिचा आगवाला हात उचलायच्या आत आडवा झाला. मशीनची सवय तिला पाठ होती, आपण उडी मारली की समोरचा अमुकच करतो. हा माणूस अमुक करतच नव्हता. थांबत होता. फसवत होता. वेणीवालीही गेली, अंगठ्यातून कळ निघाली. इतक्या वर्षांच्या दुपारी एका डावात फुकट गेल्यासारखं तिला वाटलं.

म्हातारा आला. आणि तेवढ्यात तिला जाणवलं. अवधूतचा माणूस उडी घेणार असला की त्याआधी अवधूतचा स्वतःचा खांदा वर जातो. लहानपणीही जायचा. काउंटरवरून ती ते बघायची, पण तेव्हा त्याचा उपयोग काय होता? आज तो खांदा तिच्या खांद्याला लागलेला होता. खांदा हलला, म्हाताऱ्यानं खालून हाणलं. पुन्हा हलला, पुन्हा हाणलं. अवधूतचा पहिला पडला. हॉलमध्ये आता टाळ्या नव्हत्या, लोक खुर्च्या सोडून मशीनभोवती आले होते. दुसरा आला, त्यालाही म्हाताऱ्यानं छातीवर बसून संपवला.

‘‘च्यायला!’’ अवधूतनं मशीनवर हात आपटला.

आणि लगेच जीभ चावली. 

‘‘खाला!’’ मिथुन किंचाळला. ‘‘ह्यानं शिवी दिली! काढा ह्याला भायेर! मला काढलेला!’’

नूरुन्निसा हसायला लागली. ओढणी तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. पोरांना शिव्यांवरून हाकलणाऱ्या ह्या बाईला आजची शिवी मानपत्रासारखी लागली, कारण ती खालाला दिलेली नव्हती, समोर खेळणाऱ्या गड्याला दिलेली होती.

‘‘आज माफ,’’ ती म्हणाली. ‘‘खेळ.’’

तिसऱ्या माणसानं तिला हरवलं. म्हाताऱ्याची ताकद आधीच अर्ध्यावर आली होती आणि अवधूत आता खांदा आवळून खेळत होता. शेवटचा ठोसा बसला तेव्हा त्यानं दोन्ही हात वर केले, चौदा वर्षांच्या पोरासारखे. मग भानावर येऊन वाकून तिच्या पाया पडायला गेला. तिनं त्याच्या डोक्यावर टपली मारली.

ताहेर पर्स घेऊन कसाबसा उठला. दुपार झाली होती, त्याच्या गोळ्यांची वेळ टळत होती. ‘‘चल, मस्त खेळलीस. घरी जाऊ.’’

नूरुन्निसानं त्याच्या हातातून पर्स घेतली, आत चाचपडून दुसरं टोकन काढलं आणि ते काचेपाशी, मिथुननं पुन्हा लावलेल्या टोकनामागे ठेवलं.

‘‘गोळ्या आणल्यात मी, इथंच घ्या,’’ ती म्हणाली. ‘‘माझा नंबर आहे.’’